एमडींच्या ईएने पुढे कुठे जायचं?

प्रश्न थोडक्यात असा. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या, एका कुटुंबाच्या मालकीच्या कंपनीत तुम्ही पाच वर्षं एमडींच्या, म्हणजे मॅनेजिंग डायरेक्टरांच्या, ईए (एक्झिक्युटिव्ह असिस्टंट, कार्यकारी सहायक) आहात. बी.कॉम., मराठी माध्यम. पद पहिल्या दिवशी होतं तेच आजही आहे. विभागप्रमुख तोंडावर गोड बोलतात आणि पाठीमागे ‘साहेबांची चमची’ म्हणतात. साहेबांच्या घरची कामं वाढत चालली आहेत. आणि आता मोठे साहेब कारभार मुलाच्या हाती देणार आहेत. एमबीए करू का, दुसरीकडे नोकरी बघू का, की आहे तिथेच थांबू, असं तुम्ही विचारलं आहे.

मी फोर्टातल्या एका जुन्या कंपनीत स्टेनो म्हणून लागले, पुढे बीकेसीत एका चेअरमनचं ऑफिस सांभाळलं, आणि आता नव्याने ईए झालेल्यांना शिकवते. तुमच्या सगळ्या तक्रारींचं मूळ मला एकाच जागी दिसतं. ईएच्या खुर्चीला स्वतःचा अधिकार नसतो; असतो तो साहेबांकडून उसना आलेला. तो तुम्ही कसा वापरता यावर ऑफिसात तुमच्याबद्दल काय बोललं जातं ते ठरतं. आणि साहेब खुर्ची सोडायच्या आत तुम्ही स्वतःच्या नावावर काय जमा केलंत, यावर तुमचं पुढचं ठरतं.

आधी एमबीएचं बोलू. आपल्याकडे ‘ईए’ या एकाच पाटीखाली दोन निरनिराळ्या नोकऱ्या चालतात. एकीत एमबीए किंवा सीए झालेला तरुण एमडीच्या हाताखाली दोन-तीन वर्षं राहतो, प्रेझेंटेशन्स बनवतो, आकडे तपासतो, बैठकांना मागे बसतो आणि मग एखाद्या विभागाचा प्रमुख होऊन निघून जातो. एन. चंद्रशेखरन १९८७ साली टीसीएसमध्ये लागले, नव्वदच्या दशकात कंपनीचे तेव्हाचे प्रमुख एस. रामदोराई यांचे ईए झाले, २००९मध्ये टीसीएसचे सीईओ आणि २०१७मध्ये टाटा सन्सचे अध्यक्ष. ईएंच्या मेळाव्यांत हे उदाहरण हटकून निघतं, आणि अर्धवटच सांगितलं जातं. ते एमसीए करून, कंपनीत बरीच वर्षं प्रत्यक्ष काम करून मग त्या जागी आले होते. त्यांच्यासाठी ती वाटेतली एक जागा होती.

दुसरी नोकरी तुमची आणि माझी. कॅलेंडर, पत्रव्यवहार, प्रवास, बैठका, पाहुणे, फाइली, आणि ज्याला कुठलंच नाव नाही असं बरंच काही. या नोकरीतून पहिल्या प्रकारच्या नोकरीत उडी मारण्यासाठी लोक दूरशिक्षणाने एमबीए करतात आणि दोन वर्षांनी तिथेच असतात, कारण त्या पहिल्या प्रकारच्या नोकरीसाठी माणसं निवडताना कॉलेजचं नाव आणि आधीचा अनुभव बघतात. शिकायची हौस असेल तर जरूर करा. पण बढतीसाठी करत असाल तर ते पैसे आणि ते रविवार आधी दुसरीकडे लावा: एक्सेलमध्ये पिव्होट टेबल आणि लुकअप न अडखळता आलं पाहिजे, नफा-तोटा पत्रक वाचता आलं पाहिजे, आणि दर महिन्याच्या एमआयएसमध्ये (व्यवस्थापनाला जाणाऱ्या आकड्यांच्या अहवालात) साहेब नेमक्या कुठल्या तीन-चार आकड्यांवर बोट ठेवतात हे ओळखता आलं पाहिजे. तुम्ही बी.कॉम. आहात, निम्मं तुम्हाला येतंच. सुट्या भागांच्या धंद्यात रिजेक्शनचा (नापास झालेल्या मालाचा) दर, वेळेवर डिलिव्हरी, ग्राहकाकडचं थकलेलं येणं हे आकडे ज्या ईएला कळतात, तिच्याशी सीएफओ (कंपनीचा वित्तप्रमुख) वेगळ्या सुरात बोलतो. अनुभवाचे बोल आहेत.

आता ‘चमची’कडे येते, कारण मला वाटतं तुम्हाला सगळ्यात जास्त बोचलंय ते हेच.

विभागप्रमुखांचा राग बहुतेक वेळा तुमच्यावर नसतो, त्यांना वेळ मिळत नाही यावर असतो, आणि ते साहेबांना बोलता येत नाही म्हणून तुमच्यावर निघतो. मात्र त्यात आपण तेल ओतलंय का ते तपासा. ‘साहेबांना हवंय’ हे दोन शब्द तुम्ही दिवसातून किती वेळा लिहिता? प्लँट हेडला मेल जातो, ‘एमडी सरांना कालचा रिपोर्ट तातडीने हवा आहे’, आणि सीसीमध्ये एमडी. हा मेल त्या माणसाला सगळ्यांसमोर कानाखाली वाजवल्यासारखा लागतो. तोच निरोप फोनवर असा देता येतो: ‘देशपांडेसाहेब, उद्या अकराला सर ग्राहकाशी बोलणार आहेत, त्याआधी कालच्या रिजेक्शनचे आकडे त्यांच्यासमोर असले तर बरं. सकाळी नऊपर्यंत जमेल का? पूर्ण रिपोर्ट नंतर आला तरी चालेल.’ कारण सांगितलं, वेळ सांगितली, सूट कुठे आहे तेही सांगितलं. सीसी नाही. माझा नियम असा की साहेबांना सीसीत घ्यायचं ते दुसऱ्या स्मरणपत्रानंतरही काही हललं नाही तर, आणि तेही त्या माणसाला आधी फोनवर सांगून. बीसीसी (इतरांना न दिसणारी प्रत) तर वापरूच नका. ते कधी ना कधी उघड होतं, आणि एकदा झालं की पुढची पाच वर्षं कोणी तुम्हाला मोकळेपणाने लिहीत नाही.

वेळ नाकारण्याचंही तसंच. ‘सर बिझी आहेत’ हे उत्तर नाही. नकाराबरोबर पर्याय जायला हवा: आज नाही, गुरुवारी साडेचारला पंधरा मिनिटं देते, किंवा हे मेलवर विचारलंत तर संध्याकाळी सही घेऊन ठेवते. किती वेळ हवा, निर्णय हवाय की नुसतं कानावर घालायचंय, हे आधी विचारून घेतलं तर निम्म्या भेटी लागतच नाहीत. ज्यांना खरंच लागतात त्यांना वेळ मिळतो. आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास कॅलेंडरमध्ये कोणाच्याही नावाने न टाकता रिकामा राखून ठेवा, साहेबांना सांगून. ऐन वेळी प्लँट हेड घामाघूम होऊन आला की त्याला आत सोडायला ती जागा कामी येते, आणि ‘हिच्याकडे गेलं तर काम होतं’ असं तोच चार जणांना सांगतो.

आणखी एक प्रश्न तुम्हाला रोज येत असणार: ‘मॅडम, साहेबांचा मूड कसा आहे?’ याचं उत्तर कधीही देऊ नका, थट्टेतही नाही. ‘आज जरा तापलेत’ असं तुम्ही म्हणालात की दुपारच्या चहापर्यंत ते शॉपफ्लोअरवर पोचतं, आणि ते तुमच्या तोंडून निघालं हेही पोचतं. त्याऐवजी वेळेबद्दल बोला: ‘आज दुपारी बोर्डाची तयारी आहे, उद्या सकाळी बोललात तर निवांत ऐकतील.’ विचारणाऱ्याला जे हवं होतं ते मिळालं, आणि तुम्ही साहेबांबद्दल अक्षरही बोलला नाहीत. साहेब कुठे आहेत, यालाही हाच न्याय. घरच्या मालकीच्या कंपनीत ‘बँकेत गेलेत’ म्हटलं की पगार अडकणार अशी कुजबुज सुरू होते आणि ‘डॉक्टरकडे गेलेत’ म्हटलं की वारसाची. ‘आत्ता जागेवर नाहीत, चारनंतर फोन जोडून देऊ का?’ एवढं पुरे.

जाता जाता, डब्याबद्दल. ईए बहुतेक वेळा टेबलाशीच डबा उघडते, फोन वाजेल म्हणून. तसं करू नका. अर्धा तास फोन रिसेप्शनला द्या आणि कँटीनमध्ये जेवा, मात्र रोज एकाच कंपूबरोबर नाही. आज परचेसच्या मुलींबरोबर, उद्या क्वालिटीवाल्यांबरोबर. तिथे ऐकायचं जास्त, बोलायचं कमी, आणि तिथलं ऐकलेलं साहेबांच्या केबिनमध्ये न्यायचं नाही. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणी खचलंय, एवढं जरूर न्या; कोण काय बोललं ते नको. बातम्या पुरवणारी ईए साहेबांना सुरुवातीला आवडते. मग साहेबांच्याही लक्षात येतं की ही इकडचं तिकडे करते, म्हणजे तिकडचंही इकडे करत असणार.

गुपित सांभाळणं हा आपल्या धंद्याचा पाया आहे, हे सगळे सांगतात. काही ठिकाणी ती कायद्याचीही बाब असते, हे फार कमी जण सांगतात. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचे इनसायडर ट्रेडिंगविषयीचे, म्हणजे आतल्या माहितीवर शेअर्सचे व्यवहार करण्याविषयीचे, २०१५चे नियम वाचा. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत ज्या कर्मचाऱ्यांना शेअरच्या भावावर परिणाम करणारी, अजून जाहीर न झालेली माहिती मिळते त्यांची यादी करावी लागते, आणि त्यात सचिवीय कर्मचाऱ्यांचा उल्लेख स्पष्टपणे आहे. म्हणजे आपला. अशांना तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर झाल्यानंतर ४८ तासांपर्यंत त्या कंपनीच्या शेअर्समध्ये व्यवहार करता येत नाही, आणि घरातल्या जवळच्या माणसांचे व्यवहारही त्यात धरले जातात. तुमची कंपनी शेअर बाजारात नाही, पण तुमचे ग्राहक आहेत. एखाद्या मोठ्या वाहन कंपनीचा नवा मॉडेल कधी येणार, कुठलं कंत्राट कोणाला गेलं, हे तुमच्या टेबलावरून जातं. त्यावरून नवऱ्याच्या किंवा भावाच्या डीमॅट खात्यात काही हललं तर ‘मला माहीत नव्हतं’ हे चालत नाही. आणि उद्या धाकट्या साहेबांनी आयपीओ काढायचं (कंपनीचे शेअर पहिल्यांदा बाजारात आणायचं) ठरवलं, तर त्या तयारीच्या खोलीत पहिल्या दिवसापासून बसणाऱ्यांत तुम्ही असाल.

बाकी गोपनीयता रोजच्या बारक्या सवयींत असते. पगारवाढीची पत्रं सार्वजनिक प्रिंटरवर काढून फोन घ्यायला वळू नये. स्क्रीन दाराकडे तोंड करून नसावी. साहेबांचा पासपोर्ट, आधार, पॅन यांचे फोटो ट्रॅव्हल एजंटच्या व्हॉट्सॲपवर कायमचे पडून राहतात; काम झालं की ते पुसायला सांगा आणि तुमच्या फोनमधूनही पुसा. मीटिंगचं आपोआप टिपण करणारं एखादं एआय साधन असेल तर ते सुरू करण्याआधी बैठकीतल्या सगळ्यांना विचारा, आणि बोर्डाच्या बैठकीत तर कंपनी सेक्रेटरीने (सीएस, कंपनी कायद्याची कामं बघणारा अधिकारी) हो म्हटल्याशिवाय नकोच.

कंपनी सेक्रेटरी हा तुमचा सगळ्यात मोलाचा शेजारी आहे. बारावीला ‘चिटणिसाची कार्यपद्धती’ हा विषय घेतला असेल, तर भागधारकांना पत्रं, डिबेंचर, नोटिसा हे सगळं तुम्ही परीक्षेपुरतं पाठ करून विसरला असाल. ते आता उकरून काढा. कंपनी कायदा २०१३प्रमाणे वर्षात बोर्डाच्या किमान ४ बैठका लागतात आणि लागोपाठच्या दोन बैठकांत १२०पेक्षा जास्त दिवस जाता कामा नयेत (अगदी लहान कंपन्यांना यात सवलत आहे). नोटीस किमान ७ दिवस आधी. गणपूर्ती (बैठकीला लागणारी किमान हजेरी) एकूण संचालकांच्या एक तृतीयांश किंवा दोन, यांतली जी संख्या जास्त असेल ती. कार्यवृत्त ३० दिवसांत वहीत आलं पाहिजे. हे काम सीएसचं, पण संचालकांच्या तारखा जुळवणं, कोण परदेशातून व्हिडिओवर येणार, बोर्डाची कागदपत्रं वेळेवर पोचली का, हे तुमच्याकडेच येतं. म्हणून दरवर्षी मार्चमध्येच सीएसबरोबर बसून पुढच्या वर्षाच्या चारही तारखा ठरवून घ्या. ही एक गोष्ट केलीत तर एमडी, सीएफओ, सीएस आणि बाहेरचे संचालक या सगळ्यांना तुमचं काम एकदम दिसतं. माझ्या पाहण्यातल्या ज्या ईए पुढे गेल्या, त्यांतल्या बऱ्याच जणी बोर्डाच्या कामातून गेल्या.

प्रवासाबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, पण कसब सगळ्यात स्पष्ट तिथे दिसतं, म्हणून थोडं लांबवते. तुमचे ग्राहक जर्मनीत आणि अमेरिकेत असणार. अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपातली मार्चच्या शेवटच्या रविवारी. परत येताना युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या. आपलं घड्याळ हलत नाही. म्हणजे श्टुटगार्ट आणि डेट्रॉइटमध्ये एरवी सहा तासांचं अंतर असतं, ते मार्चमधले दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला एक आठवडा पाचवर येतं. दर मंगळवारच्या ठरलेल्या कॉलला त्या आठवड्यांत कोणीतरी तासभर आधी किंवा उशिरा उगवतंच. कॅलेंडरमध्ये या चार तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच टाका आणि आठवडाभर आधी दोन्हीकडच्या ईएंना एक ओळ लिहा. दोन्हीकडच्या ईए, हे मुद्दाम म्हणते. श्टुटगार्टच्या त्या बाई तुमच्या साहेबांसाठी अडलेली भेट मिळवून देऊ शकतात. त्यांच्याशी ओळख तुमच्या नावाने करा, साहेबांच्या नावाने नाही. ही तुमच्या खात्यावरची जमा.

शेंगेन व्हिसासाठी (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा) पासपोर्ट गेल्या १० वर्षांत दिलेला असावा लागतो आणि तिथून परतल्यानंतर निदान ३ महिने तरी वैध लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. साहेबांच्या पासपोर्टची मुदत, व्हिशांच्या तारखा, १८० दिवसांत किती दिवस युरोपात झाले, हे सगळं एका शीटवर ठेवा. आणि तिकीट काढताना विमानतळ नीट बघा: डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईहूनही विमानं सुटू लागली आहेत. पुण्याहून जाणाऱ्याला ते जवळचं, पण ड्रायव्हरला नुसतं ‘मुंबई एअरपोर्ट’ सांगितलं तर तो सवयीने सहारच्या जुन्या विमानतळावर नेईल. परदेशी पाहुणे येणार असतील तर आधी गुरुवार तपासा. भोसरी-पिंपरीतल्या कितीतरी कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते, आणि जर्मनीहून आलेल्या माणसाला तुमच्या पुरवठादाराचं बंद शटर दाखवणं बरं दिसत नाही. चाकणच्या तळेगाव चौकातल्या वाहतुकीबद्दल मी तुम्हाला काय सांगणार!

घरची कामं. यावर एक सरसकट उत्तर नाही. ‘ऑफिसचं तेवढंच करा’ असं म्हणणाऱ्यांनी आपल्याकडची मालकांची कंपनी पाहिलेली नसते. साहेबांचा स्वतःचा वेळ वाचवणारं काम, म्हणजे पासपोर्टचं नूतनीकरण, विम्याचे हप्ते, डॉक्टरची वेळ, हे मी कामाचाच भाग मानते. त्यांच्या नातवाच्या वाढदिवसाचा केक, वहिनींच्या किटी पार्टीचं हॉटेल, हे त्यात बसत नाही. थेट ‘हे माझं काम नाही’ म्हणू नका. साहेबांना आठवड्याची यादी दाखवा: ‘सर, या आठवड्यात बोर्डाची कागदपत्रं आणि जर्मनीचा व्हिसा आहे. घरची ही तीन कामं मी घेतली तर यांतलं एक मागे जाईल. कुठलं चालेल?’ बहुतेक साहेब तिथेच समजतात आणि घरच्यासाठी वेगळा माणूस ठेवतात. वहिनींचा फोन आला तर आदराने, पण ‘सरांना विचारून सांगते’ हे वाक्य रोजच्या वापरात असू द्या.

पैशात मात्र तडजोड नाही. स्वतःच्या कार्डावरून साहेबांचा खर्च करू नये, आणि घरचा खर्च कंपनीच्या नावाने घालायला सांगितला तर स्वतः ठरवायचं नाही. व्हाउचरवर जे होतं तेच लिहून अकाउंट्सकडे पाठवायचं. साहेबांची डिजिटल सही असलेली पेनड्राइव्हसारखी वस्तू तुमच्या ड्रॉवरमध्ये आणि तिचा पिन कागदावर, हे मी असंख्य ऑफिसांत पाहिलंय. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सांगतो की त्या सहीची किल्ली ज्याची त्यानेच ताब्यात ठेवायची. साहेब हट्टाने देतच असतील तर निदान कधी, कशासाठी वापरली याची नोंदवही ठेवा आणि दर वेळी आधी मेलवर होकार घ्या. आणि साहेबांचा फोटो लावलेल्या अनोळखी नंबरावरून ‘मीटिंगमध्ये आहे, फोन करू नकोस, ताबडतोब इतके पैसे पाठव’ असा मेसेज आला तर पहिलं काम म्हणजे साहेबांच्या नेहमीच्या नंबरावर फोन करणं. रागावले तरी चालेल.

एक विषय तुम्ही काढलेला नाही, तरी या खुर्चीवर बसणाऱ्या प्रत्येकीला सांगते. उशिरापर्यंत थांबणं, एकत्र प्रवास, बंद केबिन हे कामाचा भाग असतात, आणि त्याचा गैरफायदा घेणारे असतात. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याप्रमाणे १० किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती लागते आणि तक्रार ३ महिन्यांत करायची असते. सबळ कारण असेल तर आणखी ३ महिने मिळू शकतात. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. मालकाच्या कंपनीत काम करणाऱ्यांना हे शेवटचं माहीत नसतं आणि म्हणून त्या गप्प बसतात.

आता धाकट्या साहेबांचं. ते त्यांचा माणूस आणतील का? आणू शकतात. परदेशात शिकून आलेली मुलं कधीकधी एमबीएवाला ईए आणतात, म्हणजे वर सांगितलेली पहिल्या प्रकारची नोकरी. तसं झालं तर भांडू नका, कामं वाटून घ्या. आकडे त्याच्याकडे, माणसं तुमच्याकडे. आणि इथे तुमचं मराठी माध्यम कामाला येतं, ज्याची तुम्हाला लाज वाटते असं पत्रावरून दिसतं. महावितरणचं पत्र, प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस, कामगार आयुक्त कार्यालयाची तारीख, ग्रामपंचायतीचा ठराव, युनियनचं मागणीपत्र: हे मराठीत येतं, आणि तीस वर्षांच्या तरुण मालकाला त्यातलं निम्मं कळत नाही. पाच ओळींचा इंग्रजी सारांश, उत्तर कधीपर्यंत द्यायचं आणि कोणाकडून माहिती लागेल, एवढं लिहून पत्रासोबत ठेवा. महिन्याभरात ते तुमच्याशिवाय अशा पत्राला हात लावणार नाहीत. तुमचं इंग्रजी त्यातूनच सुधारेल. साहेबांनी पाठवलेले चांगले मेल वाचा, लहान वाक्यं लिहा.

दोन पथ्यं मात्र पाळा. ‘मोठे साहेब असं करायचे’ हे वाक्य तोंडात आणू नका. आणि दोघांमध्ये निरोप्या होऊ नका. मोठे साहेब संध्याकाळी फोन करून ‘आज काय झालं तिकडे?’ असं विचारणारच, इतक्या वर्षांची सवय. ‘सर, ते धाकट्या सरांशीच बोललात तर बरं, मी त्यांना फोन करायला सांगते’ असं पहिल्याच वेळी नम्रपणे म्हटलंत तर पुढचे सगळे प्रसंग टळतील.

बढतीसाठी बोलायची वेळ आत्ता आहे, मोठे साहेब असतानाच. आपलं काम चांगलं झालं की दिसत नाही, म्हणून अप्रेजलला तुमच्याकडे सांगायला काही नसतं. या महिन्यापासून दर महिनाअखेरीस अर्धं पान लिहा: काय हलवलं, काय वाचवलं, कोणती अडचण आधी ओळखली. हे अर्धं पान आणि पुढच्या वर्षाचं काम कसं असावं याचा एक मसुदा घेऊन मोठ्या साहेबांकडे जा आणि तीन गोष्टी मागा: पदनाम बदलून सीनियर ईए किंवा एमडी ऑफिसच्या मॅनेजर, केआरए (तुमचं काम कशावर जोखलं जाणार ती यादी) लेखी, आणि हे सगळं एचआरच्या पत्रावर. पगाराचा आकडा त्यानंतर. मालकांच्या कंपनीत तोंडी शब्दाला मान असतो, पण तो ज्याच्या तोंडचा असतो त्याच्याबरोबरच निवृत्त होतो.

त्याबरोबर तुमच्या टेबलाची एक वही तयार करा. कोणती कामं कुठल्या महिन्यात येतात, कोणाला कसं लिहायचं, कुठली नूतनीकरणं कधी, कोणत्या सरकारी कार्यालयात कोणत्या टेबलावर जायचं. काही जणी हे मुद्दाम डोक्यात ठेवतात, आपल्यावाचून अडावं म्हणून. उलट होतं: जिच्यावाचून अडतं तिला त्या खुर्चीतून कोणी हलू देत नाही.

बाहेर बघायचं असेल तर मुंबईच कशाला? खराडी, बाणेर, हिंजवडीत परदेशी कंपन्यांची केंद्रं आहेत. तिथे एका ईएकडे तीन-चार अधिकारी असतात, बरेचसे दुसऱ्या देशांतले. घरची कामं जवळपास नाहीत, पण मालकाच्या शेजारी बसून धंदा शिकायला मिळतो तसाही मिळत नाही. मुंबईत चेअरमन ऑफिसं मोठी आहेत, आणि लोकलचा प्रवासही. सरकारी वाट अगदी वेगळी: लघुलेखक निम्नश्रेणीला लघुलेखनाचा वेग मिनिटाला १०० शब्द, उच्चश्रेणीला १२०, शिवाय टंकलेखन. लघुलेखन येत नसेल तर पाच वर्षांच्या अनुभवानंतर त्यासाठी नव्याने बसावं असं मला वाटत नाही.

माझं मत विचाराल तर पदनाम आणि पत्र मिळालं तर धाकट्या साहेबांबरोबर एक वर्ष काढा. कारभार एका पिढीकडून दुसरीकडे जाताना आतून पाहिलेली ईए बाजारात फारशी सापडत नाही. नाही मिळालं, तर मुलाखती सुरू करा. त्या मुलाखतींत आत्ताच्या कंपनीतलं काही सांगू नका, कितीही खोदून विचारलं तरी; समोरचा बहुधा तेच तपासत असतो. आणि तुम्हाला काही विचारायचंय का, असं म्हणाले की आधीची ईए का गेली ते विचारा. उत्तर गोलमोल आलं तर तिला शोधून तिच्याशीच बोला.